पट्ट्यावरचा ठेका

या मंडळी, असे भिंतीला टेकून लांब बसू नका. सतरंजी पुढं मोकळी आहे, जरा सरका. पायाला रग लागली तर खुशाल पसरा, देव रागवत नाही. आज एक आख्यान सांगायचं आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक कीर्तनकार बाई आहे, तबला वाजवणारा तिचा नवरा आहे आणि घरातल्या घरात चालायचं एक यंत्र आहे. गोष्ट अजून घडायची आहे, पण मी ती घडून गेल्यासारखी सांगणार. रामजन्माच्या आधीच रामकथा रचली गेली असं मानणारी आपण माणसं. मला पंधरा-वीस वर्षांची सूट द्यायला तुमची हरकत नसावी.

तर मिरजेत मेधाताई आष्टेकर नावाच्या कीर्तनकार होत्या. वय पासष्टीच्या पुढं. नऊवारी, गळ्यात हार, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तर कुणाच्या लक्षातही येऊ नये. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस देवळात कीर्तन त्यांचंच असायचं. तबल्याला त्यांचे यजमान शिरीषराव. वीज मंडळातून निवृत्त झालेले, बोलायला कमी, बोटं मात्र सतत कशावर तरी चाललेली. ताटाची कड, खुर्चीचा हात, रिक्षाची दांडी, काहीही चालायचं.

एका पावसाळ्यात मेधाताईंना न्यूमोनिया झाला. बऱ्या झाल्या, पण दम गेला आणि पायातलं बळही गेलं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आल्या की धाप लागायची. नारदाच्या गादीवर बसून कीर्तन होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. उभं राहायचं, पुढं जायचं, मागं यायचं, तेही गात गात. चैत्रात आपण उभ्या राहणार की नाही, हा एकच प्रश्न त्या बाईच्या डोक्यात होता. देवाला विचारून झाला, डॉक्टरांना विचारून झाला.

मुलगी मृण्मयी बंगळुरात होती. तिनं ट्रेडमिल पाठवून दिली. साधी नव्हे, नव्या पद्धतीची. नाव होतं ‘चालवैद्य’. घरात सगळे तिला नुसतं पट्टा म्हणायचे.

या पट्ट्यात विशेष काय, ते थोडक्यात सांगतो. चालायच्या पट्ट्याखाली केसाहून बारीक तंतूंची जाळी विणलेली होती. पाऊल पडलं की टाच आधी टेकली की चवडा, वजन कुठून कुठं सरकलं, डाव्या पावलानंतर उजवं किती वेळानं आलं, हे सगळं त्या जाळीला कळायचं. माणसाची चाल म्हणजे त्याची नाडीच असते. गुडघा, पाठ, काळीज, मेंदू, कुठंही काही बिनसलं की चालीत उमटतं, आणि बहुतेक वेळा माणसाला कळायच्या कितीतरी आधी उमटतं. पट्टा ते वाचायचा, त्याप्रमाणं वेग कमीजास्त करायचा, आणि दर रविवारी डॉक्टरांना आणि घरच्यांना कळवायचा.

यंत्र बसवायला मृण्मयी पडद्यावर हजर होती. शिवाय डॉक्टर रेश्मा मुजावर स्वतः आल्या होत्या. आजारातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हेच त्यांचं काम.

“बाबा, मागं भिंत नको,” मृण्मयी म्हणाली. “तोल गेला तर माणूस मागं फेकला जातो. मागं मोकळी जागा ठेव.”

“मोकळी जागा करायची तर तोंड देवघराकडं येतंय.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं कसलं?” मेधाताई म्हणाल्या. “देवासमोर पायात बूट घालून उभी राहू?”

“अनवाणी नाही चालायचं काकू,” डॉक्टर म्हणाल्या. “तळवे सोलवटतात, आणि घामानं पाय घसरतो.”

बराच काथ्याकूट झाला. शेवटी नवे बूट आणले, त्यांना हळदकुंकू लावलं, आणि ते कधीही उंबरा ओलांडणार नाहीत असं ठरलं. शिरीषराव म्हणाले, “तुझे बूट माझ्यापेक्षा जास्त सोवळ्यात आहेत.”

मग डॉक्टरांनी रीत दाखवली. पट्टा सुरू करताना त्यावर उभं राहायचं नाही, दोन्ही पाय कडेच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवायचे. वेग सगळ्यात कमी, मग एक पाऊल आत, मग दुसरं. साडी नको, ओढणी नको, गळ्यातली लांब माळ काढून ठेवायची. लाल दोरीचा चिमटा कुर्त्याला अडकवायचा. आपण मागं गेलो की दोरीला हिसका बसतो आणि पट्टा थांबतो. नजर समोर, पायाकडं नाही. दांडीला घट्ट धरून चालायचं नाही, कारण सगळं वजन हातांवर जातं आणि पाय फुकट फिरतात. थांबताना वेग हळूहळू उतरवायचा. चालत्या पट्ट्यावरून उडी मारून फोन घ्यायला पळायचं नाही.

“आणि किती जोरात चालायचं?” शिरीषरावांनी विचारलं.

“सोपी खूण आहे काका. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता येतंय म्हणजे चाल फारच आरामाची. बोलताही येत नसेल तर फार झालं. पट्टा ऐकतोसुद्धा, त्यावरून तोच ठरवेल.”

शिरीषराव बायकोकडं बघून मिशीत हसले. डॉक्टरांना त्यातली मेख कळली नाही.

पहिल्याच आठवड्यात ती कळली. मेधाताई चालायला लागल्या, समोर देव, तोंडात आपोआप पद आलं. पट्ट्यानं ऐकलं, बाई गातायत, म्हणजे फारच हलकं चाललंय. त्यानं वेग वाढवला. मेधाताईंना वाटलं, द्रुत लय घ्यायची वेळ झाली. त्यांनी लय वाढवली. लहानपणापासून आईच्या मागं उभं राहून कमावलेला श्वास तो, आजारातही गाण्यापुरता कुठून तरी गोळा होऊन यायचा. पट्ट्यानं आणखी वेग वाढवला. शिरीषराव दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले तेव्हा दोघांची जुगलबंदी रंगात आली होती. मेधाताईंचा चेहरा लालबुंद, पाय पळतायत, आणि तान मात्र समेवर यायचं नाव घेईना. शिरीषरावांनी दोरी ओढली. पट्टा थांबला.

“अहो, शेवटचं कडवं राहिलं,” मेधाताई दांडीला धरून धापा टाकत म्हणाल्या.

“तू राहिलीस ते बघ आधी.”

डॉक्टरांना फोन केला. त्या आधी घाबरल्या, मग हसल्या. असा माणूस त्या यंत्राला शिकवणाऱ्यांनी बघितलेलाच नव्हता. त्यांनी वेगाला वरची मर्यादा घालून दिली आणि पट्ट्याचं ऐकणं बंद करायला सांगितलं. “पायावरून आणि नाडीवरून त्याला पुरेसं कळतं,” त्या म्हणाल्या. ते खरंही होतं. पण या एका गोष्टीनं पुढं काय होणार हे ना त्यांना ठाऊक होतं, ना आष्टेकरांना.

आता पट्टा बहिरा झाला. मेधाताई मोकळेपणानं गायला लागल्या. आणि त्या गातायत म्हटल्यावर शिरीषरावांनी तबला बाहेर काढला. “लय पळवतेस तू,” म्हणाले. “मी धरतो.” रोज सकाळी पूजा झाली की हा कार्यक्रम. पट्ट्यावर बाई, खाली सतरंजीवर तबला. शेजारच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या बाई आपल्या चहाची वेळ त्यावर लावायच्या.

फळ आलं. दम भरला, पिंढऱ्या घट्ट झाल्या. चैत्रात मेधाताई नऊच्या नऊ दिवस उभ्या राहिल्या. देवळातल्या लोकांनी डोळे पुसले. पट्ट्याचा रविवारचा निरोप दर वेळी तोच असायचा: पावलं अतिशय सम, चाल उत्तम. मृण्मयी ऑफिसात सांगत सुटली की माझ्या आईची चाल तिशीतल्या बाईसारखी आहे.

पण दुसऱ्या वर्षी श्रावणानंतर शिरीषरावांना काही काही दिसायला लागलं. मेधाताई चालताना डावा हात झुलायचा, उजवा अंगाला चिकटून राहायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन त्या क्षणभर थबकायच्या, काही विसरल्यासारख्या. एकदा गॅसवर दूध करपलं, घरभर वास, आणि त्या शेजारी उभ्या राहून भाजी चिरत होत्या.

“वास आला नाही तुला?”

“सर्दी झालीय जरा.”

“सर्दी कुठंय?”

“तुम्हाला काय झालंय? माझ्या मागं पाळत ठेवलीय का?”

“डॉक्टरांना विचारू या का?”

“पट्टा काय म्हणतो?” मेधाताईंनी विचारलं. “उत्तम म्हणतो ना? रोजचं एकेक पाऊल बघतो तो. तुमचा चष्मा बदलून आणा आधी.”

शिरीषरावांनी विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर त्यांनाही तो सोडायचाच होता. आपल्याला भीती वाटते आणि तेवढ्यात कुणी जाणतं सांगतं, काही नाही हो, सगळं ठीक आहे. अशा वेळी कोण वाद घालत बसतो?

माघात बेळगावला शिरीषरावांच्या पुतण्याचं लग्न निघालं. मेधाताईंचा घसा धरला होता. चैत्र तोंडावर आलेला, म्हणून त्यांनी मौन धरलं आणि त्या घरीच राहिल्या. शिरीषराव एकटे गेले.

सकाळी पूजा आटोपून मेधाताई नेहमीसारख्या पट्ट्यावर आल्या. चिमटा लावला, कडेला उभ्या राहिल्या, पट्टा सुरू केला. घरात गाणं नाही, तबला नाही, फक्त पट्ट्याची घरघर. एक पाऊल आत टाकलं, दुसरं टाकलं. मग पावलं आखूड व्हायला लागली. आखूड आणि घाईची, जणू कुणी मागून ढकलतंय. आणि मधेच उजवं पाऊल उचलेचना. जमिनीला खिळलं म्हणतो ना आपण, तसं. पट्टा त्या पावलाला मागं घेऊन निघाला. दोरीला हिसका बसला, पट्टा थांबला, आणि मेधाताई मागच्या मोकळ्या जागेत हळूच बसल्यासारख्या पडल्या. कोपराला खरचटलं, तेवढंच. पण पट्ट्यानं रविवारची वाट पाहिली नाही. त्यानं त्याच क्षणी डॉक्टरांना आणि बंगळुरात निरोप धाडला.

शिरीषराव पंगतीत बसले होते. पानात जिलबी पडली होती. मृण्मयीचा फोन आला.

“बाबा, आई पडली. बरी आहे, उठून बसलीय. पण पट्टा म्हणतोय की ही चाल आईची नाहीच. कुणीतरी दुसरंच माणूस चाललंय, आणि ते आजारी आहे.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात दोघं बसले. डॉक्टरांसमोर दोन आलेख होते. एक वर्षभराचा, ओळीनं लावलेल्या पणत्यांसारखा. दुसरा कालचा, वेडावाकडा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “काका, रागावू नका. एक विचारते. काकूंना कंटाळा आला म्हणून, किंवा मृण्मयीला बरं वाटावं म्हणून, त्यांच्याऐवजी पट्ट्यावर कधी तुम्ही चालत होता का?”

“मी?”

“अहो डॉक्टर,” मेधाताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. मौन तिथंच सुटलं. “हे देवळाला प्रदक्षिणा घालायची तरी रिक्षा मिळेल का बघतात.”

डॉक्टर हसल्या, पण कोडं सुटलं नव्हतं. बाहेरच्या लांब खोलीत पट्ट्यासारखीच जाळी विणलेली सतरंजी अंथरलेली होती. त्यावर मेधाताईंना इकडून तिकडं चालायला सांगितलं. चाल कालच्यासारखीच. वळताना तर पायाशी काही सांडलं असावं तशी बारीक बारीक पावलं. शिरीषराव बाकावर बसून बघत होते. घाबरलेला माणूस काय करेल? त्यांची बोटं बाकाच्या फळीवर चालायला लागली. धुमाळीचा साधा ठेका, हलक्या हातानं.

डॉक्टरांचं लक्ष पडद्यावर होतं. त्यांनी एकदम मान वर केली. सतरंजीवर मेधाताई समोरून येत होत्या, पाठ ताठ, पाऊल मोकळं, उजवा हातसुद्धा झुलतोय.

“काका, थांबा.”

“मी काय केलं?”

“हात थांबवा.”

ठेका थांबला. चार पावलांत चाल पुन्हा विस्कटली.

“आता वाजवा.”

डॉक्टर खुर्चीत टेकल्या. “असं होतं हे पुस्तकात वाचलंय,” त्या म्हणाल्या, “पण वर्षभर एखादा आजार असा झाकलेला राहील, हे मला सुचलं नसतं. आणि पट्ट्याचे कान बंद करायला मीच सांगितलं.”

झालं होतं ते असं. आपण चालताना पाऊल मोजत नाही. मेंदूच्या खोल भागात काही पेशींचे पुंजके असतात, ते आतल्या आत ठेका धरून ठेवतात, म्हणून आपण गप्पा मारत, भाजीची पिशवी सांभाळत चालू शकतो. त्या पुंजक्यांना डोपामिन नावाचं द्रव्य लागतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, ते हळूहळू आटत जातं. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी वास जातो, एक हात झुलायचा थांबतो, पावलांमधलं अंतर विषम होतं. आतला तबलजी थकतो म्हणा ना. पण बाहेरून कानावर ठेका पडला, तर तो मेंदूतल्या दुसऱ्याच वाटेनं पायापर्यंत पोचतो, आणि पाय त्यावर चालतात. पट्ट्याला फक्त पाय दिसत होते. त्या पायांना कोण चालवतंय हे ऐकायला त्याला कान नव्हते. त्यानं वर्षभर मेधाताईंच्या चालीला दिलेली शाबासकी खरं तर शिरीषरावांच्या ठेक्याची होती.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या करून तेच नाव सांगितलं. औषधं सुरू झाली. रिक्षातून घरी येताना शिरीषराव दांडीवर हात ठेवून बसले होते, बोटं गप्प.

“माझ्यामुळं वर्षभर कळलं नाही,” ते म्हणाले.

“वर्षभर चालले ते कुणामुळं?” मेधाताई म्हणाल्या. “आणि तोंड असं करून बसू नका, रिक्षावाल्याला वाटेल भांडून आलोय.”

मग खरी अडचण पुढं आली. औषधानं थोडा गुण होता, पण पाय खिळायचे ते खिळायचेच, विशेषतः उंबऱ्याशी आणि वळताना. शिरीषरावांनी ठेका धरला की सुटायचे. मग काय, शिरीषराव सावलीसारखे मागं. त्या मोरीकडं निघाल्या की हे दारावर वाजवणार, त्या बाजारात निघाल्या की हे पिशवीवर. सुरुवातीला गंमत वाटली. पुढं मेधाताईंना लाज वाटायला लागली, आणि शिरीषरावांची बोटं सांध्यात दुखायला लागली. सत्तरीला आलेली बोटं ती.

मृण्मयीनं सुचवलं. त्याच कंपनीची घोट्याला बांधायची पट्टी निघाली होती, पैंजणाएवढी. ती घोट्यावर टकटक करत हलकेच ठेका द्यायची आणि पाऊलही वाचायची. “बाबांचाच ठेका शिकवू या तिला.”

“मला नको,” मेधाताई म्हणाल्या. “यंत्राच्या ठोक्यावर मी चालणार नाही. तुझे बाबा आहेत की.”

“किती दिवस आहेत?” हे शिरीषरावांनी विचारलं.

“शुभ बोला.”

“शुभच बोलतोय. उद्या मी नसलो तर तू मोरीच्या दाराशी उभीच राहणार का?”

मेधाताई उठून आत गेल्या. म्हणजे जायला निघाल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. शिरीषरावांनी त्या दिवशी वाजवलं नाही. तसेच बसून राहिले. शेवटी मेधाताई पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आणा ती पट्टी.”

पट्ट्याचे कान पुन्हा उघडले. डॉक्टरांनी वेग स्वतःच्या हातात ठेवला. मेधाताई चालत होत्या, शिरीषराव वाजवत होते, आणि यंत्र दोन्हीचा मेळ शिकत होतं. पहिल्या खेपेला घोट्याच्या पट्टीनं ठेका दिला तो अगदी अचूक, घड्याळासारखा. मेधाताई त्यावर कवायतीतल्या पोलिसासारख्या चालल्या आणि वळताना पुन्हा खिळल्या.

“ठेका तर तुमचाच आहे काका,” डॉक्टर म्हणाल्या. “मग बिघडतंय कुठं?”

शिरीषरावांनी विचार केला. “साथ करताना मी तिच्या पुढं जात नाही,” ते म्हणाले. “तिचं पाऊल रेंगाळलं तर मी थांबतो. थांबतो म्हणजे मात्रा सोडत नाही, जरा लांबवतो. मग ती येते. हा वाट बघत नाही.”

डॉक्टरांनी कंपनीच्या माणसांशी बोलून ती गोष्ट पट्टीत घालून घेतली. पाऊल येईपर्यंत ठेका लांबवायचा, पण सोडायचा नाही. शिरीषरावांनी मग रोज बसून विलंबित, मध्य, द्रुत, सगळ्या लयी वाजवल्या. बोटांना तेल चोळून वाजवल्या. फाल्गुन सरता सरता मेधाताई त्यांच्याशिवाय मोरीत जाऊन आल्या. त्या दिवशी शिरा झाला.

पाडवा आला. आदल्या दिवशी शिरीषराव म्हणाले, “यंदा तबल्याला मी नाही. अनघाला सांगितलंय.”

अनघा म्हणजे सांगलीची, बँकेत नोकरी करणारी, त्यांचीच शिष्या. हात चांगला.

मेधाताईंच्या हातातला श्रीखंडाचा चक्का तसाच राहिला. “का?”

“बोटं दुखतात.”

“खोटं बोलू नका. पाडव्याच्या तोंडावर तर नकोच.”

“गाण्याच्या वेळी तबला असतोच गं, कुणाचाही असो. निरूपणाला तबला थांबतो. तेव्हा मी डग्ग्याच्या कडेवर बोट चालू ठेवतो, हे तुला ठाऊक आहे. अनघा तसं करणार नाही. मी तिला सांगितलंच नाहीये.”

“म्हणजे नऊशे माणसांत मला उभी करून गंमत बघणार?”

“मी नसल्याची सवय मी असतानाच होऊ दे. काही झालं तर निदान मी असेन.”

मेधाताईंनी चक्का फेटायला घेतला. जरा जोरातच. “या वयात टाकून दिली म्हणून सांगेन सगळ्यांना,” म्हणाल्या.

देऊळ भरलं होतं. शिरीषराव पुढच्या रांगेत, खांबाजवळ बसले. कीर्तनात तबलजी मागं बसतो. सदतीस-अडतीस वर्षं त्यांनी मेधाताईंची पाठ पाहिली होती, अंबाडा पाहिला होता, पाऊल पाहिलं होतं. समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

नमन झालं, पूर्वरंगाचं पद झालं. अनघाचा हात सरळ होता, मेधाताईंचे पाय त्यावर सहज चालत होते. मग चिपळ्या थांबल्या, तबला थांबला, निरूपण सुरू झालं. सीतेचा निरोप घेऊन मारुती रामासमोर येतो तो प्रसंग. मेधाताई सांगता सांगता मागं गेल्या, वळल्या, आणि पुढं यायला पाऊल उचलणार तेवढ्यात ते उचललं नाही.

लोकांना वाटलं, मारुतीच बोलावं की न बोलावं म्हणून थांबलाय. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. फक्त एका माणसाला ठाऊक होतं काय चाललंय. त्याची बोटं मांडीवर आली. समोर सतरंजी होती, शेजारी लाकडी खांब होता, दोन मात्रा पुरल्या असत्या. शिरीषरावांनी मूठ मिटली. दुसऱ्या हातानं ती घट्ट धरली. आणि मान वर करून बायकोच्या चेहऱ्याकडं पाहत राहिले.

मेधाताई त्यांच्याकडं बघत नव्हत्या. त्यांची नजर समोर होती, कुठंतरी लांब, ऐकल्यासारखी. मग त्यांचा चेहरा सैलावला. घोट्याशी कुणीतरी वाट बघत होतं, मात्रा लांबवून. पाऊल उचललं. एक, मग दुसरं, आणि त्या गादीच्या पुढच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मारुतीनं आधी नमस्कार केला. दक्षिणेला, सीता होती त्या दिशेला.”

देवळानं श्वास सोडला. शिरीषरावांनीही.

आरती झाली. लोक ओळीनं येऊन गादीला नमस्कार करत होते, मेधाताई एकेकाच्या कपाळाला बुक्का लावत होत्या. रांगेत शिरीषरावही आले. तबल्यामागं बसणाऱ्याला ही रांग कधी मिळत नाही. तो तोवर तबल्याला खोळ घालत असतो. त्यांनी वाकून डोकं टेकवलं.

“अहो, हे काय?” मेधाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. “लोक बघतायत.”

“गादीला करतोय. तुला नाही.”

मेधाताईंनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. इतरांपेक्षा थोडा जास्तच लागला. पुढचे आठ दिवस शिरीषराव त्याच खांबाजवळ बसले आणि रोज रांगेत उभे राहिले.

आख्यान इथं संपलं. घरी ट्रेडमिल असेल त्यांनी चिमटा लावा, बूट घाला, मागं जागा ठेवा, हे मी वेगळं सांगायला नको. पण एक मागणं आहे. तुम्ही कीर्तनाला जाल, बुवांचं, बाईंचं नाव लक्षात ठेवाल, ते ठेवायलाच हवं. त्यांच्या पाठीशी कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असतं. पाऊल रेंगाळलं तर मात्रा लांबवतं आणि तक्रार करत नाही. देवाचं नाव घेऊन झालं की त्या माणसाची एकदा आठवण काढा. या गोष्टीपुरतं त्याचं नाव शिरीष आष्टेकर.